बाखच्या नागमोडी खुणेपाशी हात अडखळतो? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं

पियानोवर बाखचं (अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार) मिन्युएट किंवा इन्व्हेन्शन, म्हणजे छोटी रचना, सुरळीत चाललेलं असतं. मग डोक्यावर बारीक नागमोडी रेघ असलेली नोट येते आणि पुढच्यापैकी एक तरी होतंच:

– डावा हात उजव्याची वाट बघत थांबतो आणि मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) पुढे निघून जातो.
– ऑर्नामेंट (त्या खुणेने सांगितलेली जादा नोटांची सजावट) बीटच्या, म्हणजे लयीच्या ठोक्याच्या, आधीच घाईघाईने उरकलं जातं आणि बीटवर फक्त साधी नोट पडते.
– दर वेळी काहीतरी वेगळं वाजतं. आज तीन नोटा, उद्या पाच, परवा शेजारची पट्टी.
– नोटांची संख्या बरोबर असते, पण कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण काळी पट्टी हवी तिथे पांढरी लागलेली असते.
– मनगट ताठ होतं, करंगळी हवेत जाते, पान संपेस्तोवर हात भरून येतो.
– पुस्तकात एक छापलेलं आहे, रेकॉर्डिंगमध्ये दुसरंच ऐकू येतं, आणि कोणावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही.

पियानो शिकवताना हा एकच बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत असते. मुलं आणि त्यांचे पालक येतानाच निदान करून येतात: "बोटांना स्पीड नाही." मग महिनोन्‌महिने बोटांचे व्यायाम चालतात आणि बाखच्या त्या बारपाशी (दोन उभ्या रेघांमधल्या भागापाशी) गाडी तिथेच अडते. माझ्या अनुभवात वेग हे कारण क्वचितच असतं. कोणत्या नोटा वाजवायच्या, सुरुवात कुठल्या नोटेने करायची आणि ती डाव्या हाताच्या कुठल्या नोटेबरोबर पडणार, हे ठरलेलंच नसतं. जे ठरलेलं नाही ते हात वेळेवर करू शकत नाही. म्हणून खालच्या तपासण्या फुकटातल्या आणि सोप्या आधी, अशा क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडू नका. बहुतेकांचं काम पहिल्या चारातच होतं.

1. खूण नीट बघा

पुस्तक डोळ्यांजवळ घ्या, छपाई बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. नागमोडी रेघेला मधोमध उभी छेद देणारी रेघ आहे का? असेल तर तो मॉर्डेंट: मूळ नोट, खालची नोट, पुन्हा मूळ नोट. छेद नसेल तर तो ट्रिल: मूळ नोट आणि तिच्या वरची नोट आलटूनपालटून. एवढ्याशा रेघेने ऑर्नामेंटची दिशाच उलटते, त्यामुळे ही तपासणी पहिली. टी आणि आर ही दोन अक्षरं दिसली तर तोही ट्रिलच. आडवा पडलेला इंग्रजी एस म्हणजे टर्न: वरची, मूळ, खालची, मूळ. मुख्य नोटेच्या आधी छापलेली छोटी नोट म्हणजे अपॉजिआतुरा. कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या नोटांच्या) डाव्या बाजूला उभी नागमोडी रेघ असेल तर कॉर्डच्या नोटा खालून वर एकामागून एक सोडायच्या.

बाखने हे सगळं स्वतः लिहून ठेवलं आहे. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान नऊ वर्षांचा असताना, 22 जानेवारी 1720 रोजी, जर्मनीतल्या क्योथेन इथे त्याने मुलासाठी एक वही सुरू केली. तिच्या सुरुवातीच्या पानांवर खुणांचा तक्ता आहे: वर खूण, खाली ती कशी वाजवायची ते पूर्ण नोटांत. फ्रेंच हार्प्सिकॉर्डवादक दांग्लबेर याने 1689 मध्ये छापलेल्या मोठ्या तक्त्याचा त्यावर स्पष्ट ठसा आहे. हा तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो. त्याची प्रिंट काढा आणि पियानोच्या स्टँडवर लावून ठेवा. नवशिक्याला याहून चांगलं साधन नाही. एका बापाने आपल्या मुलाला शिकवण्यासाठी ते केलं आहे, आणि तो बाप बाख आहे.

थिअरीच्या पुस्तकांमुळे इथे एक गोंधळ होतो. तिथे छेद नसलेल्या छोट्या नागमोडी खुणेला 'अपर मॉर्डेंट' म्हणतात आणि ती मूळ नोटेवरून सुरू करून तीन नोटांत संपवायला शिकवतात. ही पद्धत नंतरच्या काळाची. बाखच्या तक्त्यात त्याच खुणेखाली 'ट्रिलो' लिहिलं आहे आणि सुरुवात वरच्या नोटेवरून आहे. थिअरीच्या पेपरात पुस्तकातलं उत्तर लिहा, बाख वाजवताना बाखचा तक्ता बघा.

2. खूण मुळात संगीतकाराची आहे का?

एकोणिसाव्या शतकात बाखच्या रचना कार्ल चेर्नीसारख्या पियानोवादकांनी संपादित केल्या. त्यात वेग, स्लर (नोटा जोडून वाजवायची कमान), जोर-हळू यांच्या खुणा संपादकांनी आपल्या आवडीप्रमाणे घातल्या. त्या आवृत्त्यांच्या स्वस्त पुनर्मुद्रणांत मूळ काय आणि भर काय हे वेगळं दिसत नाही. उर्टेक्स्ट आवृत्ती हस्तलिखिताशी ताडून केलेली असते आणि संपादकाने सुचवलेलं ऑर्नामेंट बहुधा कंसात किंवा बारीक ठशात छापते. खूण कंसात असेल तर ती सध्या सोडून द्यायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या ग्रेडची तयारी करणारे बरेच आहेत. परीक्षेच्या पुस्तकात ऑर्नामेंट कसं वाजवायचं ते पानाखाली किंवा ओळीवर छोट्या नोटांत दिलेलं असतं. ती सूचना असते. त्याच काळाच्या शैलीला धरून थोडं सोपं वाजवलं आणि लय टिकली, तर ते त्या छापील आठ नोटा धडपडत वाजवण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

3. ऑर्नामेंट काढून वाजवून बघा

हात नेमका कुठे अडतो ते या तपासणीत कळतं, आणि लोक तीच टाळतात. सगळ्या खुणा नाहीत असं समजून ते चार बार मेट्रोनोमवर वाजवा. तरीही अडखळलात तर दोष ऑर्नामेंटचा नाही. नोटा, बोटं किंवा दोन हातांचा मेळ कच्चा आहे, आणि तो पक्का होईपर्यंत ट्रिलला हात लावू नका. साधं वाजवताना सगळं सुरळीत गेलं तर पुढे चला.

मी नवीन रचना देताना पहिले काही दिवस खुणा वगळूनच वाजवायला सांगते. पालकांना कधीकधी वाटतं की हे अर्धवट शिकवणं झालं. तसं नाही. ऑर्नामेंट ज्या सुरावर बसवायचं तो सूर आधी आपल्या जागी हवा.

4. सुरुवात कुठल्या नोटेने, आणि कोणाबरोबर?

सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

नियम दोन. बरोक (बाखच्या काळातला) ट्रिल साधारणपणे वरच्या नोटेवरून सुरू होतो. आणि ऑर्नामेंटची पहिली नोट बीटवर पडते, बीटच्या आधी नाही. मूळ नोटेवरून ट्रिल सुरू करायची सवय आपल्याला नंतरच्या काळातून आली आहे; पियानोवादक हुमेलने 1828 च्या आपल्या पियानोच्या पुस्तकात तसं सुरू करायचा पुरस्कार केला. मोझार्टनंतरचं संगीत आधी कानावर पडलेलं असलं की हात आपोआप तिकडे वळतो.

वरून का? जी मेजरमधला शेवटचा टप्पा घ्या. डाव्या हातात डी, उजव्या हातात एफ शार्पवर ट्रिल, त्यानंतर जी. वरून सुरू केलं तर बीटवर जी येतो, जो डीच्या कॉर्डात बसत नाही. तो क्षणभर खुपतो, मग एफ शार्पवर उतरतो आणि जीव मोकळा होतो. एफ शार्पवरूनच सुरू केलंत तर तो ताण निर्माणच होत नाही, नुसती थरथर उरते. या खुणा आल्याच हार्प्सिकॉर्डच्या गरजेतून. त्या वाद्यात पट्टी जोरात दाबली तरी आवाज फारसा मोठा होत नाही, आणि सूर लवकर विरतो. महत्त्वाच्या नोटेकडे लक्ष वेधायचं आणि तिला जिवंत ठेवायचं तर तिच्याभोवती हालचाल करावी लागे. पियानोवर आपल्याला जोर देता येतो, तरी तो ताण आणि सुटका या संगीताच्या बांधणीतच आहे.

आता बीट. सी मेजरचं पहिलं इन्व्हेन्शन उघडा, पहिलाच बार. उजव्या हातात शेवटच्या दोन बीटना जी, सी, बी, सी अशा चार क्वेव्हर (अर्ध्या बीटच्या नोटा) आहेत आणि बी वर मॉर्डेंट आहे. तो बी चौथ्या बीटवर येतो. तिथे डावा हात सेमीक्वेव्हरमध्ये (पाव बीटच्या नोटांत) एफ, डी, ई, सी वाजवत असतो. मॉर्डेंट म्हणजे बी, ए, बी. पहिला बी डाव्या हाताच्या एफबरोबर एकदम पडला पाहिजे. बी आणि ए मिळून एका सेमीक्वेव्हरची जागा घेतात, आणि दुसरा बी डाव्या हाताच्या डीबरोबर येतो. हे एकदा पेन्सिलीने पानावर लिहा: बीच्या खाली एफ, दुसऱ्या बीच्या खाली डी. त्यानंतर तो बार वर्षानुवर्षं जमत नाही असं कुणी सांगितलं तर मला नवल वाटेल.

बसवण्याची माझी पद्धत अशी. आधी फक्त बी, एफबरोबर. मग बी-ए-बी इतकं हळू की प्रत्येक नोट ऐकू यावी, पण पहिला बी एफलाच चिकटलेला. मग तोंडाने म्हणत टाळी द्या: टाळी पहिल्या नोटेवर. मग वेग थोडाथोडा वाढवा. ट्रिलसाठी शिडी वेगळी आहे. आधी फक्त वरची नोट बीटवर आणि मग मूळ नोट, म्हणजे दोनच नोटा. हे स्थिर झालं की चार. चार स्थिर झाल्या की नोट लांब असेल तिथेच सहा किंवा आठ. वेगवान रचनेत दोन नोटांवरच थांबलात तरी चालतं. तो अपुरा ट्रिल ठरत नाही, कारण त्यातला मुख्य भाग, बीटवरचा ताण, तुम्ही वाजवलेला असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. मूळ नोटेच्या आधी तिचीच वरची नोट असेल आणि दोघींवर स्लर असेल, तर वरची नोट बीटवर पुन्हा ठोकत नाहीत. ती धरून ठेवून उरलेला छोटा ट्रिल तिच्यापुढे सोडतात. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने 1753 च्या आपल्या ग्रंथात हा छोटा ट्रिल नीट समजावला आहे.

5. छोटी नोट किती वेळ धरायची?

गाणं किंवा हार्मोनियम शिकलेले विद्यार्थी छोटी नोट दिसली की तिला कणस्वर समजतात आणि हलकेच स्पर्श करून मुख्य स्वरावर जातात. कान तयार असल्याचं ते लक्षण आहे, पण इथे वजन उलट असतं. अपॉजिआतुरा बीटवर येते, मुख्य नोटेपेक्षा जोरकस वाजते आणि मुख्य नोटेचा वेळ खाते. ढोबळ नियम: मुख्य नोट दोन भागांत वाटता येत असेल तर अर्धा वेळ छोट्या नोटेला, डॉटेड (पुढे टिंब असलेली, तीन भागांची) असेल तर दोन तृतीयांश. म्हणजे थ्री-फोरमध्ये (बारला तीन बीट) डॉटेड मिनिमच्या (तीन बीटच्या नोटेच्या) आधी छोटी नोट असेल तर दोन बीट ती, आणि मुख्य नोट फक्त तिसऱ्या बीटवर. पहिल्यांदा ऐकताना हे फार लांबल्यासारखं वाटतं. चारदा वाजवून बघा, त्यातली आर्जवी ओढ कळेल. मात्र मुख्य नोट अगदी लहान असेल, किंवा तीच नोट पुन्हा पुन्हा येत असेल, तर छोटी नोटही आखूडच ठेवतात.

6. काळी की पांढरी?

शेजारची नोट चालू सप्तकातली असते. पानाच्या सुरुवातीची की सिग्नेचर (कीचे, म्हणजे सप्तकाचे, शार्प-फ्लॅट) बघून भागत नाही, त्या क्षणी संगीत कोणत्या कीमध्ये आहे ते बघावं लागतं. सी मेजरचं इन्व्हेन्शन सातव्या बारपर्यंत जी मेजरमध्ये पोचलेलं असतं. अशा ठिकाणी ईवर ट्रिल आला तर वरची नोट एफ शार्प. ओळखायचा सोपा मार्ग: त्या बारमध्ये आणि आजूबाजूच्या दोन बारमध्ये, दोन्ही हातांत, ती नोट कशी आली आहे ते शोधा. मायनरमध्ये सातव्या सुराकडे विशेष लक्ष द्या. खुणेच्या वर किंवा खाली बारीक शार्प-फ्लॅट छापलेला असेल तर तो शेजारच्या नोटेसाठी असतो.

7. बोटं

आता कुठे बोटांची पाळी. बऱ्याचदा मुलं ट्रिल चौथ्या-पाचव्या बोटाने (अंगठा पहिला, करंगळी पाचवी) करत असतात, कारण ऑर्नामेंटचा विचार न करता ओळीचं फिंगरिंग लावलेलं असतं. दुसरं-तिसरं किंवा पहिलं-तिसरं बोट तिथे यावं म्हणून फिंगरिंग दोन-तीन नोटा आधीपासून बदला. वरच्या इन्व्हेन्शनमध्येच बघा: अंगठा जी वर ठेवला की ए, बी, सी आपोआप दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाखाली येतात, आणि मॉर्डेंट तीन-दोन-तीन असा सहज पडतो.

बोटं उंच उचलू नका. पट्टीला चिकटून राहा, पट्टी पूर्ण तळाशी दाबण्याचाही आग्रह नको. वाजवून झाल्यावर लगेच दुसऱ्या हाताने मनगट हलवून बघा. सैल हललं तर ठीक. अडलं तर वेग कमी करा आणि नोटा कमी करा.

डी मायनरच्या चौथ्या इन्व्हेन्शनमध्ये कित्येक बार चालणारा ट्रिल आहे, आधी उजव्या हातात, नंतर डाव्या हातात. तो मोजून वाजवा: दुसऱ्या हाताच्या प्रत्येक सेमीक्वेव्हरला दोन नोटा. मोकळी थरथर नंतर आपोआप येते.

8. वाद्य

हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर त्यावर जमलेला ट्रिल पियानोवर जमेलच असं नाही, आणि उलटही खरं. शक्य असेल तर परीक्षेआधी किंवा कार्यक्रमाआधी खऱ्या पियानोवर एकदा वाजवून घ्या. अपराइट (उभ्या) पियानोत पट्टी बरीचशी वर आल्याशिवाय हातोडा पुन्हा तयार होत नाही. ग्रँडमध्ये (आडव्या पियानोत) पियानो बनवणाऱ्या एरारने 1821 मध्ये केलेल्या योजनेमुळे ती अर्धवट वर आली तरी चालते. म्हणून अपराइटवर ट्रिलच्या नोटा गळत असतील तर वेग थोडा उतरवा आणि पट्टीला वर यायला वेळ द्या.

मुंबई, कोकण, गोवा इथल्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये ही तपासणी वर आणावी. दमट हवेने लाकूड आणि पट्ट्यांखालचं फेल्ट फुगतं आणि पट्ट्या आळसावतात. ज्या दोन नोटांचा ट्रिल आहे त्या एकेक करून सलग आठ-दहा वेळा वाजवा. पट्टी खालीच राहत असेल किंवा एखादा ठोका गळत असेल तर दोष तुमचा नाही. पट्ट्यांच्या फटीत तेल किंवा कसलाही स्प्रे मारू नका, फेल्ट खराब होतं आणि पुढचं काम महाग पडतं.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पट्टी अडकत असेल, एखादी नोट दोनदा वाजत असेल किंवा हातोडा परत येत नसेल तर पियानो टेक्निशियनला बोलवा. पियानो उघडून स्वतः काही वाकवू नका. ट्यूनिंगला येणारेच बहुधा पट्ट्या मोकळ्या करून देतात, त्यांना फोन करतानाच कोणत्या पट्ट्या ते सांगा.

रचना बाखच्या काळातल्या फ्रेंच संगीतकारांची, कुपरँ किंवा रामोची, असेल तर बाखचा तक्ता पुरत नाही. त्यांनी आपापले तक्ते छापले आहेत आणि त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. कुपरँने 1722 मध्ये आपल्या तिसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत, आपण लिहिलेल्या खुणा लोक पाळत नाहीत याबद्दल नाराजी लिहून ठेवली. इटालियन संगीतकार स्कार्लातीने तर तक्ताच ठेवलेला नाही. अशा रचना, किंवा बाखच्याच गोल्डबर्ग व्हेरिएशन्सच्या आरियासारखी खुणांनी भरलेली पानं, या संगीताचा अनुभव असलेल्या शिक्षकाबरोबर बसूनच सोडवा. एकट्याने लावलेला चुकीचा अर्थ हातात बसला की काढायला फार वेळ जातो. वरचं सगळं करूनही तोच बार अडत असेल तरी शिक्षकांकडे जा, आणि जाताना मोबाइलवर तो बार तीनदा रेकॉर्ड करून न्या: खुणा वगळून, हळू आणि वेगात. त्यावरून पाच मिनिटांत निदान होतं.

हातात दुखणं, मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर त्याच क्षणी वाजवणं थांबवा. थोडी विश्रांती घेऊनही हा त्रास परत आला, किंवा पियानोवरून उठल्यावरही राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत ट्रिलचा सराव पूर्ण बंद. परीक्षा जवळ असेल तर शिक्षकांना सांगून ती रचना खुणा कमी करून वाजवायची किंवा बदलायची.